एका भांड्यात एकच पेन

४ जून

माननीय ग्राहक महोदय,

आपण कुरियरने पाठवलेलं पेन काल पोचलं. खोका मी खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या काकूंच्या समोर फोडला. फोडण्याआधी चारही बाजूंनी त्याचे फोटो काढले. उद्या कोणी "आत अमुक होतं, ते कुठे गेलं" असं म्हणायला नको. काकू हसायला लागल्या. म्हणाल्या, "अगं, पेनच आहे ना? तू तर असं उघडतेयस की आतून साप निघणार आहे." मी म्हटलं, साप परवडला काकू, तो निदान फणा काढून सांगतो.

पोच लिहून देते. जुनं फाउंटन पेन एक, काळं, शाई भरायला दांड्याच्या बाजूला पितळी कडी. सोबत चिठ्ठी एक: "कोणत्या सालचं ते सांगावे. दुरुस्त करावे. निब खरखरते, बघावी." सही नाही. पाठवणाऱ्याच्या जागी दुकानाचा शिक्का.

तो शिक्का माझ्या ओळखीचा आहे. त्याचा डावा कोपरा उडालाय आणि तो कोणाच्या हातून पडून उडाला, हेही मला ठाऊक आहे. पण आपण ग्राहक म्हणून काम पाठवलंय, तर मी कारागीर म्हणूनच उत्तर देते.

एक शंका मात्र विचारून ठेवते. आपल्या दुकानात जुनी पेनं ओळखणारी दोन माणसं बसतात. त्यातल्या मोठ्यांनी तर मला ही विद्या शिकवली. असं असताना, ज्या मुलीला निबचोर ठरवून घराबाहेर काढलं, तिच्याकडे एवढ्या लांब पेन पाठवायचं कारण काय? काढलं नव्हतं, ती आपली आपण गेली, असं आपण म्हणाल. म्हणा. ज्या घरात बाप समोर बसून बोलत नाही, त्या घरातून माणूस आपला आपणच जातो.

काम झाल्यावर कळवीन.

आपली,
पेनं दुरुस्त करणारी


१३ जून

दादा,

तुझं कार्ड आलं. "आपण-बिपण काय लावलंयस? मी आहे, दादा. बाबांची नजर चांगली आहे, हातही चांगला आहे. लिहीत मात्र नाहीत. पेनाचं बघ." बरं. दादा तर दादा. पण 'तू' म्हटलं म्हणजे मी सगळं गिळलं, असं समजू नकोस.

पेन पाहिलं. आधी साल सांगते, कारण तेवढं एकच तू सरळ विचारलं आहेस.

दांड्यावरचं कंपनीचं नाव जवळजवळ पुसलं गेलंय. दिवा बाजूला धरून, पेन हळूहळू फिरवत वाचलं. बाबा वाचायचे तसंच. समोरून उजेड टाकला तर काही दिसत नाही, आडवा टाकला की अक्षरं उठतात. नावाखालची दुसरी ओळ या कंपनीने उशिरा घातली. क्लिपही नंतरची, आत खिळ्याने ठोकलेली नाही, टोपणाच्या डोक्यावरच्या स्क्रूखाली कडं अडकवून बसवलेली. एबोनाइटचा, म्हणजे दांड्याच्या कडक रबराचा, काळा रंग उन्हाने चहासारखा झालाय, पण टोपणाखालचा भाग अजून काळाभोर आहे. म्हणजे वापरणारा माणूस ते टोपण लावून उजेडाच्या टेबलावर ठेवायचा, खिडकीपाशी बसून काम करणारा असावा. बाबांचं पेन ज्या जातीचं, त्याच जातीचं हे, फक्त चार-पाच वर्षांनी धाकटं; साल त्यावरून धर.

इथवर सगळं सरळ आहे. मग मी निब पाहिली, आणि भिंग खाली ठेवून पाणी प्यायले.

निबेबद्दल आत्ता काही लिहीत नाही. आधी तू सांग. हे पेन कोणाचं आहे? तुझ्याकडे कधी आलं? माझ्याकडे पाठवण्याआधी तू ते उघडलंस का? तिन्हींची उत्तरं पाहिजेत. "पेनाचं बघ" हे उत्तर नाही.

काकूंनी विचारलं, "भावाला एवढं उलटसुलट विचारतात का?" त्यांना काय सांगणार! आमच्या घरी लहान मुलाला घास भरवायच्या आधी त्याच्या हातात भिंग देतात.

मी


२२ जून

दादा,

माझ्या तीन प्रश्नांवर तू पत्र लिहिलं नाहीस, फोन केलास. मी उचलला नाही, काकूंनी उचलला. त्यांचं आणि तुझं जे बोलणं झालं, ते त्यांनी मला आवाजासकट करून दाखवलं.

"पेन कोणाचं?"

"एका नकाशे काढणाऱ्या गिऱ्हाइकाचं. ते गेले. मुलीने आणून दिलं, म्हणाली आमच्यात कोणी लिहिणारं नाही, तुम्हीच ठेवा."

"तुम्ही उघडलं होतं का?"

इथे तू खोकला काढलास.  मग म्हणालास, "मी काही सांगणार नाही. तिला उघडू दे."

वा रे वा! तिला उघडू दे. म्हणजे कोंबडं झाकून ठेवायचं तू, आणि उजाडलं की नाही ते मी सांगायचं.

आता मी निबेचं सांगते. तुला ठाऊक असलं तरी सांगते, कारण तू काय काय ठाऊक नसल्यासारखं करतोस ते मला बघायचंय.

या सालच्या पेनांच्या निबेला गोल छिद्र असतं. या पेनात आहे ती निब आधीच्या सालची. तिचं छिद्र बदामाच्या आकाराचं आहे. डाव्या खांद्यावर एक बारीक पोचा आहे, आतून ठोकून सरळ केलेला. आणि टोकाचा दाणा उजवीकडे झुकवून घासलेला आहे, असा की आडवी रेघ जाड यावी आणि उभी बारीक. कारखान्यातून अशी निब कधीच निघत नाही. मी ती दौतीत बुडवून 'नमुना' लिहिलं. बाबा प्रत्येक निब हाच शब्द लिहून तपासायचे. हातात ती खरखरली, कागदाला अडकली, पण शिरोरेषा आली ती तुळईसारखी जाड. खाली काने बारीक, काडीसारखे.

ही बाबांची निब आहे.

आपण दोघे त्या सकाळी दुकानात होतो. बाबांनी आदल्या दिवशी धुवायला दिलेलं आपलं पेन उघडलं, अर्धी ओळ लिहिली आणि थांबले. निब उजेडात धरली. गोल छिद्र. म्हणाले, "ही निब माझी नाही." पेन धुतलं होतंस तू. त्यांनी तुलाच पहिल्यांदा विचारलं, "भांड्यात आणखी कोणाचं पेन होतं?" तू म्हणालास, "नाही. तुमचं एकटंच होतं." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. निबा घासायचं काम माझं. सोन्याच्या निबा माझ्या डब्यात. त्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे स्वतःचं वेगळं टेबल मागितलं होतं. त्यांनी दोन अधिक दोन केले. "विकलीस की बिघडवलीस, एवढंच सांग." मी म्हटलं, दोन्ही नाही. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तरी मी राहिले असते रे.

आणि आता तीच निब माझ्या हातात येते, आणि चिठ्ठीत लिहिलेलं असतं "खरखरते, बघावी". आपल्या धंद्यात 'बघावी' म्हणजे घासून गुळगुळीत करावी, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी घासली असती तर? बाबांनी महिनाभर बसून दिलेला उतार पाच मिनिटांत गेला असता, आणि तोही माझ्या हाताने. मग तू ती बाबांसमोर धरणार होतास का? "बघा, निब तिच्याकडेच होती, आणि तिनेच बिघडवली." विकलीस की बिघडवलीस या प्रश्नाचं उत्तर तयारच झालं असतं.

काकूंपुढे हे बोलले तर त्यांनी तोंडातल्या टाचण्या बाहेर काढल्या. म्हणाल्या, "एवढा डाव रचायला माणूस फार हुशार लागतो. तुझा भाऊ आहे का तेवढा?"

मी म्हटलं, नाही. पण भित्रा आहे, आणि भित्रा माणूस काय करील याचा नेम नाही.

निब घासलेली नाही. घासणारही नाही. पेन उघडायचं की जसं आहे तसं परत पाठवायचं, ते अजून ठरलेलं नाही. उघडताना काही तुटलं तर तेही माझ्याच नावावर जमा व्हायचं.

मी


३० जून

दादा,

उघडलं.

काकूंना शेजारी बसवलं. त्या म्हणाल्या, "मी शिंपीण, मला यातलं काय कळणार?" मी म्हटलं, कळायला नको, फक्त बघा. पेनाची मान, म्हणजे निब बसते तो पुढचा भाग, दिव्यावर धरून शेकत बसले. तुला कधी धीर निघत नाही, म्हणून तुझ्या हातून दोन माना तडकल्या होत्या. ऊब आत गेली, सांधा चिकटवणारी लाख सैल झाली, मी हळूच पिळलं आणि मान दांड्यातून सुटली.

आणि वास आला. ताज्या लाखेचा. जुनी लाख काचेसारखी कडक होते, तिला वास राहत नाही. ही ओली-ओली, पिवळी, आणि फासलेली तर अशी की भिंतीला गिलावा करावा. एवढी लाख आपल्या दुकानात एकच माणूस लावतो. बाबा तुला नेहमी म्हणायचे, "अरे, पेन चिकटवतोयस की विहीर बुजवतोयस?" आत शाईची रबरी पिशवीही नवी कोरी.

म्हणजे तू उघडलं होतंस. या एका गोष्टीवर माझं डोकं असं फिरलं की मी पेन तसंच कापडावर टाकलं आणि गच्चीत जाऊन उभी राहिले. उघडलंस, पाहिलंस, पुन्हा बंद केलंस आणि मला विचारतोस कोणत्या सालचं? काकू मागोमाग वर आल्या. "झालं का बघून?" म्हणाल्या. मी म्हटलं, झालं. त्या म्हणाल्या, "पिशवी काढलीच नाहीस की. मला तू साक्षीला बसवलंस, मी अर्धी साक्ष देणार नाही."

काकूंना आपल्या दुकानाचा नियम ठाऊक नव्हता. मला होता, पण रागाच्या भरात आठवला नाही. जो पेन उघडील त्याने पिशवी चढवण्याआधी मानेच्या आतल्या टोकावर सुईने आपली खूण करायची आणि महिना-साल टाकायचं. बाबांचा ठिपका. तुझी फुली. माझी काहीच नाही. मी मागितली होती तेव्हा बाबा म्हणाले होते, "तुझी खूण कशाला? तू काय इथे जन्मभर बसणार आहेस?" बसायचंच होतं मला, हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

खाली आले. पिशवी काढली. मान भिंगाखाली धरली.

तिथे एक फुली होती. जुनी, शाईने काळी पडलेली. तिच्यापुढे महिना आणि साल. मी घर सोडलं तोच महिना, तेच साल.

मग मला तो नकाशेवाला आठवला. बुटका, सदा घाईतला, बदली होऊन दुसऱ्याच दिवशी निघणारा. "आजच्या आज द्या हो, गाडीत लिहायला लागेल." त्याचं पेन बाबांच्या पेनाचंच धाकटं भावंड. आणि भिंतीवर बाबांनी पाटी लावलेली, एका भांड्यात एकच पेन, कारण दोन पेनं सुटी करून एका पाण्यात टाकली की कोणाची निब कोणाच्या मानेत जाईल ते देवालाही सांगता येत नाही. पेनात इतर सगळं बदलता येतं. निब एका हाताला लागली की दुसऱ्याची होत नाही.

तू घाईत होतास. दोन्ही एकाच भांड्यात टाकलीस. बाबांची निब नकाशेवाल्याच्या पेनात बसवलीस, फुली मारलीस, पेन देऊन टाकलंस. आणि दुसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं तेव्हा नियम मोडल्याचं सांगायची भीती वाटली, म्हणून "एकटंच होतं" म्हणालास. बस, एवढंच. चोरी कुठेच झाली नव्हती. एवढ्याशा गोष्टीवर मी घर सोडलं.

तुला तेव्हाच कळलं होतं का? की मी गेल्यावर? की आत्ता, नकाशेवाल्याच्या मुलीने पेन टेबलावर ठेवलं तेव्हा? हे मी तुला आयुष्यभर विचारणार आहे, तयारी ठेव.

मी आधी रडले, मग मला राग आला. खरं तर उलटं व्हायला हवं होतं. काकू दोन्हींच्या वेळी काज शिवत बसल्या.

मग पिशवीचा राहिलेला चिकटा पुसताना आणखी एक दिसलं. जुन्या फुलीच्या शेजारी दुसरी फुली. नवी, चकचकीत, आत शाई गेलेली नाही. पुढे यंदाचा मे महिना.

या फुलीपाशी माझा संशय अडला, दादा. मी तिला बराच वेळ उलटीसुलटी करून पाहिली, त्यात खोट सापडेना. तुला ती जुनी फुली पुसून टाकता आली असती. बारीक पॉलिश पेपरचे चार हात, की कोणालाही काही कळलं नसतं. निब गटारात टाकता आली असती. निदान नवी फुली न मारता पिशवी चढवून देता आली असती, नियम मोडायची तुला सवय आहेच. ते न करता तू जुन्या फुलीच्या पोटाशी नवी फुली मारलीस, महिना टाकलास, आणि पेन जगातल्या अशा एकाच माणसाकडे पाठवलंस की जी ते उघडल्याशिवाय राहणार नाही. चोरांच्या गावात कोणी आपणहून अंगठा उठवत नाही.

'बघावी' म्हणाला होतास. बघितली.

पण हे मी माफी म्हणून धरत नाही. तू मला सांगितलंस, तेही रबराच्या पिशवीखाली लपवून. मला चोर तू म्हणाला नव्हतास. म्हणाले बाबा. त्यांना कोण सांगणार?

मी


२ जुलै

दादा,

सोबतच्या डबीत कापसात बाबांची निब आहे. टोकाला हात लावू नकोस. खांद्यावरचा पोचा तसाच ठेवलाय, तो त्यांच्या ओळखीचा आहे.

नकाशेवाल्याचं पेन मी ठेवून घेतलं. त्याला गोल छिद्राची निब बसवली, नवी पिशवी चढवली, लाख लावली (थोडी). पिशवी चढवण्याआधी मानेवर तुझ्या दोन फुल्यांच्या शेजारी एक आडवी रेघ ओढली आणि जुलै टाकला. माझी खूण आता ही. कोणाला विचारलं नाही.

आता तू काय करायचंस ते ऐक. बाबांचं पेन त्यांच्यासमोर सुटं कर. एकटं, एका भांड्यात. ही निब बसव आणि त्यांच्या हातात दे. ते विचारतील, "कुठे सापडली?" तेव्हा खोकला काढू नकोस, आतल्या खोलीत जाऊ नकोस, "जाऊ द्या ना बाबा" म्हणू नकोस. त्यांच्याकडे बघून म्हण, "त्या दिवशी भांड्यात दोन पेनं होती." एवढं एकच वाक्य. ते तू तेव्हाच म्हणायचं होतंस.

सांगितलंस की नाही, ते मला कळवू नकोस. तू पत्रात लिहिलंस तरी माझा विश्वास बसणार नाही, फोनवर शपथ घेतलीस तरी बसणार नाही. संशयी आहे मी. हा स्वभाव मी बाहेरून आणलेला नाही, तुमच्याच घरचा आहे.

त्याऐवजी बाबांपुढे एक पाकीट ठेव. आत काही नसलं तरी चालेल. पत्ता मात्र त्यांनी त्या निबेने लिहायचा. माझ्या नावावरची रेघ तुळईसारखी जाड आली की मी समजेन, त्यांना कळलंय. पुढचं माझं मी बघीन.

आणि त्यांच्या ऐवजी तू लिहायला बसू नकोस. ती निब तुझ्या हातात खरखरते. कागदावर मला दिसेल.

तुझी बहीण